आईनं बोलायचं नाही

सकाळी उमरग्याच्या सडकेवर ट्रकांचे भोंगे सुरू झाले की सिताबाई चुलीपुढं लेकीला दूधभाकरी भरवायला बसे. चंद्रप्रभा तीन वर्षांची होती. घास कालवायचा, ओठाशी न्यायचा, तोंड पुसायचं. काऊ नाही, चिऊ नाही. सासू गंगम्मा उंबऱ्यात बसून पहारा करी. आईनं लेकीशी बोलायचं नाही, असा त्या घराचा कायदा होता.

कारण ऐकाल तर हसावं की थुंकावं हे कळणार नाही. सिताबाई माकणी या खेड्यातली. ती 'म्या' म्हणे, 'व्हय' म्हणे. आणि तिचा नवरा मल्लिनाथ आता कचेरीत कारकून होता!

मल्लिनाथचे वडील धुळाप्पा निजामाच्या अमलात तहसिलीत चपराशी होते. तेव्हा हेच घर 'जी हुजूर' म्हणत मिरवायचं. पाणी मागायचं तेही उर्दूत. छप्पन साली मराठवाडा मुंबई राज्यात गेला, कचेरीत पुण्याकडचे साहेब आले आणि महिन्याभरात घरातली उर्दू पार नाहीशी झाली. एकदा मल्लिनाथच्या तोंडून 'व्हय साहेब' निघालं, तसे साहेब चारचौघांत हसले. झालं, एवढ्यानं हा गडी आडवा! त्या दिवसापासून तो नाकातून बोलू लागला. साहेबांना उत्तर द्यायची छाती नव्हती, मग बायको होतीच.

"तू पोरीशी बोलू नकोस. तिची जीभ बिघडेल," त्यानं बाळंतिणीच्या खोलीतच बजावलं होतं. "तिच्याशी मी शुद्ध बोलेन."

शुद्ध बोलणारे हे गृहस्थ सकाळी कचेरीत जात, दिवेलागणीला येत आणि वर्तमानपत्रात डोकं घालत. गंगम्मा आळंदकडची, निम्मी कानडी. तिनं नातीसमोर तोंडाला कुलूपच घातलं. म्हणजे शुद्ध भाषेपायी त्या लेकराशी कुणी बोलतच नव्हतं. पोर बोट दाखवी आणि "अं" करी. त्यापुढं काही नाही.

शेवटी लोक विचारू लागले, तेव्हा मल्लिनाथ घाबरला. लेकीसाठी नव्हे, लोकांसाठी. सगळे मिळून गावातल्या डॉक्टरांकडं गेले. डॉक्टरांनी पोरीच्या पाठीमागं वाटी वाजवली. तिनं चटकन वळून पाहिलं. त्यांनी जीभ तपासली, घसा तपासला.

"हिला काही झालेलं नाही," ते म्हणाले. "बोलणं कानावर पडलं तर बोलेल. आणखी उशीर केलात तर मात्र अवघड आहे. घरात हिच्याशी बोलतं कोण? आई बोलते का?"

आता तरी या माणसानं खरं सांगावं की नाही? मल्लिनाथ घसा साफ करून म्हणाला, "हिची आई जन्मापासून मुकी आहे, डॉक्टरसाहेब."

सिताबाईनं लेकीला उचलून कडेवर घेतलं.

"म्या मुकी न्हाय, डागदरसाहेब," ती म्हणाली. "ह्येनी बोलू देत न्हाईत. माजं बोलणं नासकं हाय म्हणं. लेक झाल्यापासनं तिच्यासंगं एक सबद बोलले न्हाय म्या."

डॉक्टरांनी फीसुद्धा घेतली नाही.

बाहेर सडकेवर येताच गंगम्मा फणकारली, "जीब कापून टाकते बग तुजी." साऱ्या घराची शुद्धता एका वाक्यात निघाली.

"आता कसं बोललाव, आत्याबाई?" सिताबाईनं विचारलं.

मल्लिनाथ दबल्या आवाजात म्हणाला, "घरात राहायचं तर तोंड बंद. नाहीतर माकणीला जा."

"जाते की. पर लेक घिऊन जाते. तुमच्या घरात ती मुकीच ऱ्हाईल."

समोर चहाच्या हॉटेलात कचेरीतले दोघे बसले होते. तमाशा नको म्हणून मल्लिनाथनं पोरीला हात लावला नाही. त्याच्या भित्रेपणाचा आयुष्यात झालेला हा एकच उपयोग. सिताबाई माकणीच्या वाटेवरच्या लोहारा गावाच्या गाडीत बसली आणि बसल्याजागी बोलायला लागली. त्यो बैल, ही जवारी, ती बाई पानी आनती. पोर नुसती आईच्या तोंडाकडं बघत होती.

चार महिन्यांनी, पौषात, मल्लिनाथ माकणीला आला. कचेरीत चौकशी होऊ लागली होती ना! सिताबाईचे वडील गुंडाप्पा यांनी घोंगडी टाकली. चंद्रप्रभा गोठ्यातून पळत आली आणि बापापुढं उभी राहिली.

"बाबा, आमची गाय लई दूद देती," ती म्हणाली.

बापानं लेकीच्या तोंडून ऐकलेलं हे पहिलं वाक्य. त्याचे डोळे भरून यायला हवे होते.

"लई नाही म्हणायचं बाळ," मल्लिनाथ म्हणाला. "खूप म्हण."

पोरीनं तोंड मिटलं. ती जाऊन आईच्या पदराला धरून उभी राहिली. सिताबाईनं नवऱ्याची पिशवी आणून त्याच्या हातात दिली.

"जावा तुमी," ती म्हणाली. "गाडीची येळ झाली."

वाचकहो, मल्लिनाथ तर गेलाच कामातून, त्याला सोडून द्या. पण सिताबाईचं बोलणं वाचताना तुमच्याही ओठांवर हसू आलं असेल, तर मल्लिनाथला हसणारे ते साहेब शोधायला उमरग्यापर्यंत जायला नको.