खांद्याचं दुसरं माप

होय, जुना आहे मी. अकरा वर्षांचा. संगणकातल्या प्रोग्रामला एवढं वय म्हणजे म्हातारपणच, मित्रांनो! पण म्हातारा झालो म्हणून मी कुणाचं ऐकून घेणार नाही. दुखऱ्या खांद्याला नेमकं काय झालंय, ते शोधायला मी डॉक्टरांना मदत करतो. त्यासाठी जे विचारायचं, ते मी विचारणारच.

मला दोन भावंडांनी घडवलं. बहीण फिजिओथेरपिस्ट, भाऊ प्रोग्रामर. जेवणाच्या टेबलावर भांडत भांडत त्यांनी मला लिहिलं. बहिणीचं म्हणणं एकच, खांदा दोनदा मोजायचा. एकदा पेशंट स्वतः हात उचलतो तेव्हा, आणि एकदा त्याने हात सैल सोडून आपण उचलतो तेव्हा. दोन्ही आकडे तंतोतंत सारखे आले तर दुसरं माप घेतलंच नाही असं समजून रिपोर्ट अडवायचा, हा हट्टही तिनेच माझ्यात घातला. भाऊ वैतागला, पण शेवटी तिचंच खरं झालं.

सुरुवातीला माझं काय कौतुक! डॉक्टर आल्यागेल्याला मला दाखवायचे. मग गर्दी वाढली आणि कौतुक आटलं. दवाखान्यात मापं घेणाऱ्या मदतनिसांनाही सगळे 'भाऊ'च म्हणतात; माणूस सज्जन, पण सदा घाईत. पहिलं माप घ्यायचे आणि तोच आकडा दुसऱ्या चौकटीत टाकायचे. मी लाल झालो की एक-दोन अंश इकडेतिकडे करून माझी समजूत घालायचे. अस्सा राग यायचा! अहो, माणसाचा खांदा तो, तिथे अंदाजपंचे चालतं का?

एक दिवस एक रंगारी आला. शिडीवरून घसरताना त्याने एका हाताने कठडा पकडला होता. तेव्हापासून उजवा हात छातीच्या वर जाईना. बायको सोबत होती. ती पुन्हा पुन्हा सांगत होती, "छताचं काम करतात हो हे. हात वर गेला नाही तर करायचं काय?"

"खांदा आखडलाय. सहा महिने व्यायाम करा, सुटेल," भाऊ म्हणाले. पहिल्या चौकटीत साठ लिहिलं, दुसरीतही साठ. त्या गडबडीत नेहमीची लबाडीसुद्धा विसरले.

मी अडलो. त्यांनी मला बंद करून पुन्हा चालू केलं. मी पुन्हा अडलो. त्यांनी कीबोर्डवर थाप मारली. "डॉक्टर, हे खटारं काढून टाका एकदाचं!"

डॉक्टर आले. "जाऊ द्या, हातानेच लिहून देतो," म्हणत त्यांनी कागद ओढला. माझ्याकडे होतीच काय? एक ओळ. तीच मी पडदाभर लाल अक्षरांत धरून बसलो: 'दुसऱ्याने हात उचलून माप घ्या.' हटलो नाही. हटणारही नव्हतो!

ती ओळ रंगाऱ्याच्या बायकोने मोठ्याने वाचली. "पण यांचा हात कुणी उचललाच नाही की!"

डॉक्टरांचं पेन थांबलं. त्यांनी रंगाऱ्याचं कोपर तळहातावर घेतलं आणि हात सावकाश वर नेला. हात सहज कानापर्यंत गेला. कुठे अडकला नाही. "आता असाच धरून ठेवा," ते म्हणाले आणि त्यांनी आपला हात काढला. रंगाऱ्याचा हात धप्पकन खाली पडला.

"आखडलेला नाही हा. आतला स्नायू तुटलाय," डॉक्टर हळूच म्हणाले. सोनोग्राफीतही तेच दिसलं. ऑपरेशन लगेच झालं. सहा महिने व्यायामात घालवले असते, तर तो स्नायू जोडता आला असता की नाही, कोण जाणे.

भाऊ आता दोन्ही मापं घेतात. माझ्याशी मात्र बोलत नाहीत. नवा प्रोग्राम येणार आहे म्हणे, कुणाला न अडवणारा. येऊ दे! मला जपा, असं मी म्हणणार नाही. पण मित्रांनो, मला हात नाहीत, तुम्हाला आहेत. उद्या कुणाचं दुखणं तपासायची वेळ आली, तर कागद भरण्याआधी त्या माणसाचा हात हातात घ्या.

परवा त्या रंगाऱ्याने आमच्याच खोलीचं छत रंगवलं. माझ्यावर कापड टाकायचं कुणाला सुचलं नाही, म्हणून पडद्यावर पांढरे शिंतोडे उडालेत. खबरदार कुणी पुसाल तर!