चिकट पुठ्ठा

नको नको म्हटलं तरी नवऱ्याने उंदरासाठी परसात चिकट पुठ्ठा ठेवलाच. उंदीर राहिला बाजूला, सकाळी त्यावर दयाळ पक्षी चिकटलेला! प्राण्यांच्या डॉक्टरांना फोन केला. म्हणाले, "गोडेतेल लावून सोडवा." सुटला, पण तेलाने माखला. तेल काढायला साबण लावला, तर भिजून कुडकुडायला लागला. ऊब द्यायला ओंजळीत घेतला, तर त्याची छाती फुटेल इतकी धडधडायला लागली.

पुन्हा फोन केला. "खोक्यात ठेवा आणि लांब व्हा. तुम्हालाच घाबरतोय तो."

झाकण लावलं. आत जरा खुडबुड झाली, मग तीही थांबली. उघडून बघायचीही चोरी!

तेवढ्यात नवरा आला. "अगं, दुसरा पुठ्ठा कुठंय? हा तर वाया गेला."