रिकामी जागा

“फाइल बघायचीय म्हणजे नक्की काय बघायचंय?” खिडकीतल्या कारकुनाने मान वर न करता विचारलं.

“आमच्या घराखालची टेकडी बिल्डर कापतोय. त्याला परवानगी कशी मिळाली, ते बघायचंय,” टेलरबाई म्हणाली.

“खाजगी प्रकल्प आहे, बाई. कंपनीच्या संमतीशिवाय दाखवता येत नाही.”

“परवानगी तर सरकारने दिली ना? मग कागद कंपनीचा कसा?”

“लेखी अर्ज करा,” म्हणून त्याने खिडकी लावून घेतली.

गल्लीभरचे कपडे शिवणारी ही बाई कधी कुणाशी आवाज चढवून बोलली नव्हती. पण खाली यंत्रं घरघरायला लागल्यापासून मागच्या खोलीच्या भिंतीला तडा गेला होता आणि आता त्यात हात जात होता. त्याच भिंतीला लागून सासऱ्यांची खाट होती. त्यांचं एक अंग लुळं पडलेलं, जीभ जड झालेली.

“कशाला मोठ्यांच्या नादी लागतेस?” नवरा म्हणाला. “उद्या दुकान बंद पाडतील.”

“घरच खाली गेलं तर दुकान काय डोक्यावर घेऊन फिरू?”

तिने अर्ज केला. नकार आला. तिने वर अपील केलं. सुनावणीला बिल्डरचा वकील आला होता. कंपनीची व्यावसायिक माहिती कशी गोपनीय असते, हे तो बराच वेळ समजावत राहिला. टेलरबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

“कागद बघायला यांची संमती पाहिजे. माझी भिंत फोडताना यांनी माझी संमती घेतली होती का?”

सुनावणी घेणाऱ्या अधिकारी बाईंनी चष्मा काढून वकिलाकडे पाहिलं. मग म्हणाल्या, “फाइल दाखवा यांना. आजच.”

फाइलमधलं बरंचसं तिच्या डोक्यावरून गेलं. नकाशा मात्र समजला. रस्ता सापडला, पाण्याची टाकी सापडली, शेजारच्यांचं घरही सापडलं. तिच्या घराच्या जागी लिहिलं होतं, ‘रिकामी जागा’. पुढच्या पानावर इंजिनिअरची सही होती : प्रत्यक्ष पाहणी केली, खोदकामाच्या वर लगत वस्ती नाही.

इंजिनिअरसाहेब शेजारच्याच खोलीत बसत. ती तडक आत गेली.

“साहेब, माझं घर कुठे गेलं?”

त्यांनी नकाशा पाहिला. “ही माहिती बिल्डरने दिलेली असते. आम्ही तपासून—”

“तपासलंत? घरात माणसं राहतात आमच्या. दिवसभर शिवणाचं मशीन चालतं. तुम्ही आलाच नाहीत!”

“आवाज खाली. काय ते लेखी द्या, बघू.”

“लेखी देऊन देऊन हात मोडले माझे!”

घरी येऊन तिने नवऱ्याला सगळं सांगितलं.  तो उठला, खाटेपाशी गेला आणि वडिलांना पुढे दुकानात चला म्हणाला.

“मी बांधलेली खोली आहे,” म्हातारा अडखळत म्हणाला. “मी नाही हलायचो.”

एरवी बापासमोर ब्र न काढणाऱ्या नवऱ्याने त्याला तसंच उचललं आणि पुढे दुकानात आणून ठेवलं. म्हातारा दोघांशी बोलेना.

आठवडा उलटायच्या आत, भर दुपारी, मागची भिंत निम्म्या खोलीसकट खाली गेली. खाटेची जागा भिंतीबरोबरच गेली होती. दुकानात धुळीचा लोट घुसला, टांगलेले नवे कपडे करडे झाले.

काम थांबवण्याचा हुकूम निघाला आणि दुसऱ्या दिवशी इंजिनिअरसाहेब मोजमापाची टेप घेऊन दारात हजर झाले. उरलेल्या खोलीत वाकून पाहत म्हणाले, “नशीब म्हणायचं. कुणी खाली सापडलं नाही.”

“नशीब नाही, साहेब. कागद बघायला मिळाला म्हणून म्हातारा माणूस वाचला. पहिल्या दिवशी दाखवला असता तर त्याची खोलीही वाचली असती.”

 कोरा कागद काढून साहेब शिवणाच्या टेबलाशी बसले. “घर कुणाच्या नावावर आहे?”

ती सांगणार, तेवढ्यात म्हाताऱ्याने धडधाकट हात वर करून तिला थांबवलं. मुलाला खूण करून पाठीशी उशी ठेवायला लावली, सदऱ्याची गुंडी लावून घेतली. मग जड जिभेने स्वतःचं नाव सांगितलं, वडिलांचं सांगितलं, आडनाव सांगितलं.

साहेबांना ते नीट कळलं नाही.

म्हातारा पुन्हा पहिल्यापासून सांगू लागला. साहेब पेन कागदावर टेकवून थांबून राहिले.