पाच बोटांचा सौदा

मित्रांनो, मी एक जुना रुमाल आहे. हल्ली शाळेत मला फडकं म्हणतात. म्हणोत बापडे. नगरच्या हातमागावर माझा जन्म झाला आणि उमेदीची वर्षं मी घोडेगावच्या बैलबाजारात, अल्लाबक्ष दलालांच्या खांद्यावर काढली. तिथं किंमत तोंडानं बोलत नाहीत. घेणारा आणि देणारा माझ्याखाली हात घालतात. जितकी बोटं दाबली तितका आकडा. बाहेरच्यांना फक्त मी दिसतो. किती लबाड तळहात मी पाहिलेत म्हणून सांगू! पण माझ्याखाली एकदा ठरलं की ठरलं. शब्द मोडणाऱ्याला पुढं कुणी बैल काय, शेळीसुद्धा विकत नसे.

सत्तेचाळीस साली अल्लाबक्षांच्या गावात, म्हणजे घोडेगावातच, शाळा निघाली, तीही बाजाराच्या छपरात. तपासणीच्या साहेबांनी अट घातली: महिन्याभरात मुलींचा वर्ग भरलेला दिसला तरच मंजुरी, नाहीतर शाळा बंद. हेडमास्तर राधाकृष्णपंत पुण्याहून नवेच आलेले. घरोघर हिंडून ते थकले. मुलगी पाठवायला काहीजणांची ना नव्हती, पण पहिलं नाव द्यायचं कुणी? चावडीवर हसं झालं असतं.

अल्लाबक्ष म्हणाले, "मास्तर, ह्ये तोंडानं व्हायचं न्हाई. रुमालाखाली घ्या. ज्याला जेवढ्या पोरी धाडायच्या, तेवढी बोटं त्यो दाबंल."

पहिला आला कानिफनाथ. त्याला एकच मुलगी. त्यानं दबकत मास्तरांचं एक बोट दाबलं. मास्तरांना इतका आनंद झाला की शहरी रिवाजाप्रमाणे त्यांनी त्याचा अख्खा पंजा धरून हलवला. आता बाजारात अख्खा पंजा म्हणजे पाच. मला तर घामच फुटला. कानिफनाथाचा चेहरा उतरला. हात ओढून घ्यावा, तर चारचौघांत सौदा मोडल्यासारखं दिसणार. तो मुकाट्यानं उठला. मास्तरांनी पुढच्याचाही हात तस्साच हलवला, त्याच्या पुढच्याचाही. प्रत्येकाला वाटलं, आपणच अडकलो. आणि गुपचूप झालेला सौदा, बोलणार कुणाजवळ?

घरी जाऊन कानिफनाथ डोकं धरून बसला. पुढचं मला त्याच्या बायकोच्या, भागूबाईच्या तोंडूनच कळलं. भाकरी थापता थापता ती म्हणाली, "कबूल करून आलात न्हवं? मग मोजा. एक आपली चंद्री, दोन पुतन्या, एक सून, आन् पाचवी मी."

तपासणीच्या दिवशी गल्लीगल्लीतून मुली आल्या, सुना आल्या, आत्या आल्या, दात पडलेली एक आजेसासूसुद्धा आली. छपरात पाय ठेवायला जागा उरली नाही. हे कसं घडलं ते मास्तरांना कधीच कळलं नाही. साहेब भागूबाईसमोर थबकले.

"बाई, हा मुलींचा वर्ग आहे."

भागूबाईनं पदर नीट केला. "साहेब, मी बी कुनाची तरी पोरगीच हाय."

साहेबांनी नियमांचं पुस्तक उघडून पाहिलं. नियमांत कमीत कमी वय लिहिलेलं होतं. जास्तीत जास्त लिहायचं कुणाला सुचलंच नव्हतं. मंजुरी मिळाली.

दुसऱ्या दिवशी कानिफनाथ बायकोला म्हणाला, "झालं काम. आता घरी ऱ्हा."

"पाची बोटं तुमी दिलीत. आता एक बी माघारी मिळायचं न्हाई," असं म्हणून ती पाटी घेऊन निघाली. मला तिचा फार अभिमान वाटला.

अल्लाबक्षांनी मला शाळेला देऊन टाकलं. आधी मी मास्तरांच्या टेबलावर मिरवलो, विरल्यावर फळा पुसू लागलो. खडूनं जीव नकोसा होतो, पण एक गंमत असायची. भागूबाई मागच्या रांगेत बसे आणि तिचं अक्षर मुंगीच्या पावलानं चाले. मास्तरांनी मला उचललं की मागून आवाज येई, "थांबा मास्तर, माजं व्हायचंय." मग मास्तर थांबत, आणि मीही त्यांच्या हातात लोंबकळत थांबे.

मित्रांनो, मला जपा असं मी म्हणत नाही. माझ्या चिंध्या व्हायच्या त्या होतील. फक्त फळा पुसण्याआधी मागच्या रांगेकडे एकदा बघत जा. तिथं कुणाचं तरी लिहून व्हायचं असतं.