हिऱ्याचं बीज

आमचा हिऱ्या म्हणजे वळू. साक्री तालुक्यात त्याच्या तोडीचा दुसरा नव्हता. मी म्हणतो म्हणून नव्हे, बाजारात कुणालाही विचारा! पण ब्याण्णव साली तो पार थकला. त्याचं बीज गोठवून ठेवायला धुळ्याहून जनावरांच्या डॉक्टर सुमनबाई आल्या. म्हणाल्या, "नाना, बीज ज्यात मिसळायचं त्यात अंड्याचा बलक लागतो."

"अंडं? माझ्या गळ्यात माळ आहे बाई! नुसत्या दुधात जमवा, नाहीतर चालू लागा."

"कठीण आहे. पण करून बघू."

त्यांनी गोठवलं, वितळवलं, सूक्ष्मदर्शकातून मला दाखवलं. सगळं निपचित. हिऱ्याला आता उठायलाही धाप लागायची. फार तर आणखी एकदा बीज मिळालं असतं.

सुमनबाई म्हणाल्या, "प्रत्येक पेशीभोवती स्निग्ध पापुद्रा असतो, नाना. गारठ्यात तो थिजून तडकतो. कोलेस्टेरॉल त्याच्यात मधेमधे घुसून बसतं. थंडीत त्याला कडक होऊ देत नाही, उष्णतेत फार पातळ होऊ देत नाही. बलकात ते असतं, शिवाय सांभाळणारी चरबीही असते."

"कोलेस्टेरॉल? ते तर माणसं मारतं म्हणे!"

"रक्तात फार झालं तर. मुळीच नसेल तर आपल्या अंगातली पेशी धड राहायची नाही."

वा रे पठ्ठ्या! एकच चीज, अन् दोन्हीकडून लगाम धरते. मी थक्कच झालो.

"तुम्ही गुपचूप बलक घातला असता तर मला कुठं कळलं असतं?" मी विचारलं.

"तुम्ही नको म्हणाला होतात ना."

या बाईला मी मनातल्या मनात हात जोडले. तेवढ्यात आमची मंडळी, ताईबाई, चुलीपासून कडाडली, "माळ तुमनी शे, हिऱ्या बठ्ठा गावना शे!"

खरंच होतं, माळ माझी एकट्याची, पण हिऱ्या सगळ्या गावाचा. "घाला बाई," मी म्हणालो.

शिमग्याआधी हिऱ्या गेला. गोठ्याकडे बघवत नव्हतं. मग शेजारच्या लोटनची गाय माजावर आली, अन् सुमनबाई बलक घालून गोठवलेल्या बीजाची नळी घेऊन हजर झाल्या. कोमट पाण्यात ती वितळवून एक थेंब त्यांनी काचेखाली ठेवला.

"बघा, नाना."

मी वाकलो. काय ती झुंबड! एकमेकांना रेटत, शेपट्या हलवत सगळे पुढं धावत होते. माझ्या डोळ्यांना धारा लागल्या.

"अवं, पयत ये!" मी ताईबाईला हाक मारली. "आपला हिऱ्या जित्ता शे!"