शालीतली बरणी

शनिवार, दिनांक ३ मे २०२५ रोजी सकाळी दहा वाजता, ॲरिझोना राज्यातील चँडलर येथे, आमच्या राहत्या घराच्या स्वयंपाकघरात, माझ्या दुसऱ्या घरगुती बियरचा प्रकार ठरवण्यासाठी देवांग आला. शेजारच्या घरातला, इथेच जन्मलेला हा तरुण सात वर्षे घरी बियर बनवतो. त्याच्या ज्ञानाविषयी मला शंका नव्हती, हेतूविषयी होती.

माझ्या पहिल्या खेपेला नेलपॉलिशचा वास आला आणि ती सिंकमध्ये ओतावी लागली. त्याच दिवशी माझी पत्नी मालिनी हिने बजावले की आणखी एकच संधी. तीही वाया गेली तर बरणी, नळ्या, बाटल्या, सारे सामान दान करायचे.

देवांगने ब्लाँड एल सुचवली. हलकी, मोजक्या घटकांची, नवशिक्याला सर्वांत सोपी. पहिल्या वेळीही त्याने हेच, याच शब्दांत सांगितले होते. सोपी गोष्ट बिघडते, तेव्हा बिघडवणारा शोधणे क्रमप्राप्त ठरते. मार्चमध्ये आम्ही पाच दिवस मुलीकडे मॉरिसव्हिलला गेलो, तेव्हा किल्ली देवांगकडेच होती. पहिली बियर आंबत असलेली बरणी पाण्याच्या टबात ठेवलेली, कारण उष्णतेने ती बिघडते. टबातल्या बर्फाच्या बाटल्या सकाळ-संध्याकाळ बदलणे एवढेच त्याचे काम. निघताना बरणीवरच्या तापमान-पट्टीवर सहासष्ट अंश फॅरनहाइट होते, परतलो तेव्हा ऐंशी. मी हे आकडे त्याच्यापुढे ठेवले आणि उत्तराची वाट पाहिली.

"काका, मी बॉटल्स रोज चेंज केल्या. ट्वाइस अ डे," तो म्हणाला. "पण बरणी टबात नव्हतीच. वॉटर हीटरजवळ होती, शालीत रॅप केलेली. मला वाटलं, तुमची काही मेथड असेल."

"मग बाटल्या कशात बदलत होतास?"

"टबात. तुम्ही सांगितलं होतं ना."

पाच दिवस रिकाम्या टबात बर्फ टाकणाऱ्या या आज्ञाधारकपणावर विश्वास ठेवावा की नाही, याचा मी विचार करीत होतो, तोच मालिनीने चहाचे कप टेबलावर ठेवले.

"शाल माझी," ती शांतपणे म्हणाली. "तुम्ही गाडीत बॅगा भरत होता, तेव्हा मीच गुंडाळली. थंड पाण्यात कधी विरजण लागतं का? परत आल्यावर शाल काढली आणि बरणी होती तिथे ठेवली."

देवांग हसला नाही, हे त्याच्या बाजूने नोंदवले पाहिजे. त्याने फक्त निवड बदलली. "मग सेझाँ करा, काका. ही बेल्जियन स्टाइलची बियर, तिच्या यीस्टला गरमच आवडतं. काकूंना शाल ठेवू द्या."

मी तीन पुस्तके पडताळली. तिन्ही त्याच्याशी सहमत होती, आणि त्या एकमतानेही मी काही काळ अस्वस्थ झालो. तरीही दुसऱ्या दिवशी सेझाँ घातली. पहिला आठवडा बरणी शालीत राहिली. मी दिवसातून चारदा पट्टी वाचत असे आणि मालिनी कुठे आहे तेही पाहत असे.

चौदा जूनला देवांगसमोर पहिली बाटली उघडली. त्याची स्तुती मी ग्राह्य धरली नाही. मालिनीने स्टीलच्या वाटीत दोन घोट घेतले, नाकाजवळ वाटी धरून वास घेतला आणि तिसरा घोट घेतला.

"बरी झाली आहे," ती म्हणाली. "सामान राहू द्या."