आलेले आकडे किती

राजेश्रीनं तिसऱ्यांदा कळ दाबली आणि लॅपटॉपच्या पडद्यावर तेच उमटलं: गावाच्या खालच्या अंगाला नदी संध्याकाळपर्यंत शांत.

"ताडकळसच्या बाजारात समदे म्हनायलेत, वर लय पाऊस झालाय," तिची आई म्हाळसाबाई पिशवी खाली ठेवत म्हणाली. "आन् तुझा बाप मळईतच बसलाय मेंढरं घेऊन."

"मीच सांगितलंय त्यांना, बसा म्हणून."

सकाळी हे सांगताना तिला केवढी ऐट वाटली होती! दत्तरावांच्या नदीकाठच्या मळईच्या रानात खतासाठी कळप बसवलेला. बापानं, येडबानं, फोनवर विचारलं, हिनं ऑफिससाठी लिहिलेला पुराच्या अंदाजाचा आपला प्रोग्राम चालवला आणि बेलाशक सांगून टाकलं, आबा, निवांत ऱ्हावा.

आता मात्र ती प्रोग्राम उघडून ओळ न् ओळ तपासू लागली. नदीच्या खोऱ्याचे तुकडे पाडलेले होते. प्रत्येक तुकड्याचं गणित वेगळं यंत्र एकाच वेळी करायचं आणि उत्तरं तिच्या प्रोग्रामकडे पाठवायचं. ती उत्तरं घ्यायला तिनं प्रत्येक तुकड्यासाठी साठ आकड्यांची जागा ठेवली होती. साठांची जागा म्हणजे साठ आले, असंच ती धरून चालली होती. खरोखर किती आले, हे तिनं यंत्राला कधी विचारलंच नव्हतं.

तिनं तेवढी एक ओळ घातली आणि पुन्हा चालवलं.

बाकी सगळीकडून साठ. वरच्या खोऱ्याकडून बावीस.

तिकडची मोजणीची ठाणी पावसात बंद पडली असणार. उरलेल्या जागांत जुन्या खेपेचे आकडे तसेच पडून होते, पावसाच्या आधीच्या कोरड्या नदीचे. यंत्रानं मुकाट्यानं नवं-जुनं एकत्र करून पूर पार निम्म्यावर आणून ठेवला होता. तिला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं.

फक्त आलेले आकडे धरल्यावर उत्तर बदललं. तासाभराच्या आत मळई पाण्याखाली.

तिनं फोन लावला. उचलला नाही. पुन्हा लावला. म्हाळसाबाई तिच्या पाठीशी येऊन उभी राहिली.

"हां, बोल बाई."

"आबा, मेंढरं काढा. आत्ताच्या आत्ता वरच्या माळावर न्या. पाणी यायलंय."

"तू तर म्हनली व्हतीस..."

"माझं चुकलं, आबा. निघा."

येडबानं फोन तसाच खिशात टाकला असावा. शीळ ऐकू आली, कुत्र्यांचं भुंकणं, मग कळपाचा गलका. राजेश्रीनं तेवढ्यात आईच्या फोनवरून ऑफिसात भागवत सरांना कळवलं, अंदाज चुकलाय, गावांना पाठवू नका. इकडे फोनमधून पाण्याचा चुबुकचुबुक आवाज येऊ लागला आणि येडबा कुणा मेंढीला आईमाईवरून शिव्या घालत होता. म्हाळसाबाईनं पदर तोंडाशी धरला.

बऱ्याच वेळानं त्याची धाप ऐकू आली.

"आलो वर. वाट बुडाली आमच्या मागं."

"समदी आली का?" म्हाळसाबाईनं विचारलं.

"तोंडं बघायलोय." एकेकीचं तोंड ओळखून तो मोजत गेला. "दोन कोकरं न्हाईत."

राजेश्रीला रडू फुटलं. येडबा मात्र सहज बोलावं तसं बोलत होता.

"बन्सीधर दुपारीच निघाला व्हता त्याची मेंढरं घेऊन. मला बी म्हनला, चल, पान्याचा रंग बरा न्हाई. मी म्हनलं, आमच्या राजेश्रीनं सांगितलंय, मी न्हाई हालत."

तिनं लॅपटॉप पुन्हा पुढ्यात ओढला.

"बरं, आता हितंच बसू का आनखी वर जाऊ? तूच बघून सांग."

पडद्यावर नवं उत्तर तयार होतं. माळाला धोका नाही, असं त्यात स्वच्छ लिहिलेलं होतं. या खेपेला तिनं एकेक आकडा मोजून घेतला होता. येडबा वाट पाहत होता.

"आबा," शेवटी ती म्हणाली, "बन्सीधरकाका कुठं बसलेत?"